वीसपैकी शून्य

मंगळवार, ११ डिसेंबर २०१८. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी माझ्या मोबाइलवर अक्षदा मदनेच्या नावापुढे शून्य आलं. वीस प्रश्न, वीस चुका. ऑक्टोबरच्या चाचणीतही तिचं शून्यच होतं.

मी मोबाइल बर्गे बाईंपुढे धरला. "बघा तुमच्या वर्गातली हुशार मुलगी."

बाईंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, पाहिलं आणि मोबाइल परत दिला. "फोन तुमचा, कार्डं तुमची. पोरगी तेवढी माझी. ती शून्याची नाही."

"कार्ड खोटं बोलत नाही, बाई."

"कार्ड खोटं बोलतंय असं मी कुठं म्हटलं?"

"मग कोण बोलतंय?"

"पोरांना आधी सुट्टीला सोडा," बाई म्हणाल्या. "सव्वातीन वाजले."

मोरघळची जिल्हा परिषद शाळा पहिली ते चौथीची होती. शिक्षक तीन. मुख्याध्यापक लावंड सरांकडे पहिली आणि दुसरी, माझ्याकडे तिसरी, कुसुम बर्गे बाईंकडे चौथी. बाईंची तेव्हा एकतीस वर्षं सेवा झाली होती, माझी चार. तालुक्याच्या यादीत माझ्या नावापुढे 'तंत्रस्नेही शिक्षक' असं लिहिलेलं होतं. त्यामुळे शाळेत जे काही वीज, मोबाइल किंवा इंटरनेटवर चालायचं, त्याचं बरंवाईट माझ्या माथी असायचं. लावंड सर खुशीत असले की मला नावाने हाक न मारता "या तंत्रस्नेही" म्हणायचे. खुशीत नसले तरी तेच म्हणायचे, फक्त सूर वेगळा असायचा.

कार्डं मी आणली होती. प्रत्येक मुलाला एक जाड कागदाचं चौकोनी कार्ड. मधे काळ्या-पांढऱ्या चौकटींची नक्षी, चार कडांना बारीक अक्षरात अ, ब, क, ड. जे उत्तर वाटेल ती कड वर करून कार्ड छातीशी धरायचं. मी मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की प्रत्येकाचं नाव आणि उत्तर पडद्यावर यायचं. प्रत्येक कार्डाची नक्षी निराळी, म्हणून शेजाऱ्याचं बघून काही उपयोग नाही. सगळ्या वर्गाने एका सुरात उत्तर द्यायचं आणि त्या सुरात कच्च्यांनी लपायचं, हे मला थांबवायचं होतं. खर्च फक्त छपाईचा होता.

कार्डांसाठी एकच बदल करावा लागला. बाईंच्या वर्गात बाकं समोरासमोर दोन रांगांत असायची आणि मधल्या वाटेवरून बाई फिरायच्या. तशा रचनेत अर्ध्या मुलांची कार्डं कॅमेऱ्यात येत नव्हती. जूनमध्येच मी मुलांना हाताशी घेऊन सगळी बाकं फळ्याकडे तोंड करून एकामागे एक लावली. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "असंच लागतं का?" एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्या आत आल्या आणि एका बाकाचं टोक स्वतः उचलून सरळ केलं.

जुलैमध्ये पहिली चाचणी झाली. मी वर्गात फिरत प्रश्न वाचून दाखवले आणि मुलांनी कार्डं धरली. त्याच सुमाराला पुण्याच्या एका संस्थेने आम्हाला आठ टॅब आणि आठ हेडफोन दिले, पाच महिने वापरून बघायला. त्यात चौथीचे सगळे धडे आवाजासकट होते. मी नियम केला. चाचणीत सर्वांत मागे असलेली चौथीची आठ मुलं शेवटचा तास टॅबवर बसतील. ज्याचे गुण बाराच्या पुढे जातील त्याने टॅब सोडायचा, त्याची जागा पुढच्या कच्च्या मुलाला. नियम कागदावर लिहून वर्गात चिकटवला.

अक्षदाला जुलैत वीसपैकी चार मिळाले होते. ती आठांत आली.

सप्टेंबरअखेर दुसरी चाचणी झाली. प्रश्न वाचून दाखवण्यात तास जायचा, म्हणून या वेळेपासून मी ते फळ्यावर लिहायला लागलो. अक्षदाला अकरा मिळाले. सोहम चव्हाणला चौदा. मी सगळ्या वर्गासमोर सोहमचं कौतुक केलं, टाळ्या वाजवायला लावल्या आणि त्याच्या हातातला टॅब काढून घेतला. तो टाळ्या संपायच्या आत रडायला लागला.

त्यानंतर अक्षदाचं ऑक्टोबरमध्ये शून्य, आणि आता डिसेंबरमध्ये शून्य.

हे शून्य मला परवडणारं नव्हतं. मुदत संपत आली होती. संस्थेच्या पत्राप्रमाणे शनिवार, १५ डिसेंबरपर्यंत शाळेने लेखी कळवायचं होतं: टॅब कायमचे ठेवायचे की परत करून त्याऐवजी एक मोठा डिजिटल फळा घ्यायचा. तिन्ही शिक्षकांच्या सह्या लागणार होत्या. टॅब ठेवायचे तर गटाची सरासरी दहाच्या वर दाखवायची, अशी अट होती. आमची सरासरी नऊ पूर्णांक सहा येत होती. बाकीची सात मुलं अकराच्या आसपास होती. आठवी अक्षदा.

लावंड सरांना फळा हवा होता. ते काही लपवत नव्हते.

"हे बघा धायगुडे," ते म्हणाले, "टॅब आठ. पोरं सत्तावीस. फळा सगळ्यांना दिसतो. पाहुणे आले तर पाहुण्यांना पण दिसतो. टॅब दाखवायचे म्हणजे कपाट उघडायचं, किल्ली शोधायची, मग कळतं चार्जिंगच नाही."

"पण सर, कच्च्या मुलांना फरक पडतोय."

"सात जणांना पडतोय. आठवीचं काय? अकरावरून शून्यावर आली की. तुमचंच यंत्र सांगतंय." त्यांनी बाईंकडे पाहिलं. "बाई, तुम्हाला काय पाहिजे?"

"मला विचाराल तर खिडक्यांना जाळ्या पाहिजेत. माकडं आत येतात."

"ते ग्रामपंचायतीला सांगा. यातलं काय?"

"टॅब राहू द्या," बाई म्हणाल्या.

मला आश्चर्य वाटलं. बाई मोबाइलवर फोन घ्यायच्या आणि ठेवायच्या, त्यापलीकडे त्याला हात लावत नसत. फळ्यावरही त्यांचं काम संथ. आधी लिहायचं, मग हात झटकायचे, मग मुलांकडे वळायचं आणि त्यानंतर बोलायचं. लिहिता लिहिता बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. तासात चार ओळी व्हायच्या. त्यांनी माझ्या बाजूने बोलावं याचं कारण मला सुचलं नाही, आणि मी विचारलंही नाही. मत मिळालं होतं.

बुधवारी सकाळी मी गुणांचा तक्ता कागदावर उतरवत होतो. अक्षदाची ओळ आली. चार, अकरा, शून्य, शून्य. पेन तिथे थांबलं. प्रत्येक प्रश्नाला पर्याय चार. एखाद्याने डोळे मिटून कार्ड कसंही फिरवलं तरी विसांत चारपाच उत्तरं आपोआप बरोबर यायला हवीत. जुलैत तिची चार आली होती, ती तशीच आली असणार. पण एकही बरोबर येऊ द्यायचं नसेल, तर प्रत्येक वेळी बरोबर उत्तर कोणतं ते आधी ठाऊक पाहिजे. आणि हे दोनदा झालं होतं. चाळीस प्रश्न.

मधल्या सुट्टीत ती हापशापाशी खिचडीची ताटली धूत होती. मी हात करून तिला वर्गात बोलावलं. नऊ वर्षांची, किरकोळ, केसांना लाल रिबिनी. ती माझ्यासमोर दोन पावलांवर येऊन उभी राहिली. फळ्यावर कालचे प्रश्न तसेच होते.

"पाचव्याचं उत्तर काय?"

"क."

"आणि अकराव्याचं?"

तिने फळ्याकडे पाहिलं. "ड."

"मग काल पाचव्याला कार्ड कसं धरलं होतंस?"

ती पायाच्या अंगठ्याने फरशीवर रेघ ओढायला लागली.

मला राग आला नव्हता, पण चेहऱ्यावर हसू येत होतं आणि ते तिला दिसू नये असं वाटलं. मी डस्टर उचलून फळा पुसायला वळलो आणि पुसता पुसता विचारलं, "टॅब जाईल म्हणून मुद्दाम चुकवलंस ना?"

उत्तर आलं नाही. मी पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. वळून पाहिलं तर ती मघासारखीच उभी होती, माझ्याकडे बघत. घाबरलेली नव्हती. मी कधी बोलतो याची वाट बघत होती.

मी परत फळ्याकडे वळलो. नेहमीच्या आवाजात म्हणालो, "अक्षदा, तुझ्या पायापाशी पाल आहे."

तीन ओळी पुसल्या. मग वळलो. तिने पायही हलवला नव्हता.

मी खाली बसलो, म्हणजे माझं तोंड तिच्या तोंडासमोर आलं. "टॅब का पाहिजे तुला?"

"त्यात बाई कानात बोलत्यात."

"आणि वर्गात?"

"पयलं कळायचं. समोरची पोरं म्हणायची ना, तवा. आता समद्यांच्या पाठी दिसत्यात."

बाकं जूनमध्ये मी जशी लावली होती तशीच होती. एकामागे एक, फळ्याकडे तोंड करून, ओळीत. ती माझ्या कामाची ओळ होती. त्या ओळीतच जुलैत मी फिरत फिरत, कधी तिच्या मागून, कधी खिडकीकडे बघत, प्रश्न वाचून दाखवले होते.

"हे बघ," मी तिला म्हणालो. "शुक्रवारी पुन्हा कार्डं घेऊ. खरी उत्तरं दे. सगळी."

"मग टॅब?"

"टॅब तुझ्याकडेच राहील."

"सोहमचा घ्येतला तुमी."

"तुझा घेणार नाही."

"नक्की?"

"नक्की."

तिला दिलेल्या शब्दात माझंही काम होतं. तिचे गुण आले की सरासरी दहाच्या वर जाणार होती. हे मला तेव्हाही माहीत होतं.

बाई वऱ्हांड्यात डबा खात होत्या. मी त्यांच्याशेजारी बसलो. "तुम्हाला ठाऊक होतं."

त्यांनी भाकरीचा तुकडा तोडला. "काय?"

"अक्षदाला ऐकू येत नाही."

"येतं. थोडं येतं. समोरून बोललं की येतं. हळू." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. लावंड सर मैदानात मुलांना ओरडत होते. "दुसरीपासून ठाऊक आहे मला."

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत?"

"कुणाला सांगू?"

"लावंड सरांना. मला. तपासणी असते, शिबिर असतं, यंत्र मिळतं कानाचं."

"सगळं असतं. तिचा मोठा भाऊ आहे, विकास. तो तर जन्मापासूनच बहिरा. त्याचा फॉर्म मीच भरला होता. सहा वर्षांचा होता. जिल्ह्याच्या गावाला निवासी शाळेत गेला. शाळा चांगली आहे, धायगुडे सर, नाव ठेवायला जागा नाही. पोरगा शिकला. आता हातांनी भराभरा बोलतो. पण घरात ती भाषा कुणाला येत नाही. सुट्टीला येतो, दोन दिवस राहतो, तिसऱ्या दिवशी पिशवी भरतो. त्याची आई समोर बसून त्याचे हात बघत असते." बाईंनी डब्याचं झाकण लावलं. "या पोरीचं लक्षात आल्यावर मी घरी गेले होते. पोरांच्या आईनं, सिंधूनं, माझे पाय धरले. म्हणाली, बाई, हिला लिहू नका कुठं. मी शब्द दिला. चौथीपर्यंत मी सांभाळते म्हटलं."

"कसं सांभाळणार होता?"

"सांभाळत होते की. एक रांग पाढा म्हणायची, समोरची बघायची. मग उलट. दोन वर्षं चाललं होतं, तिच्याबरोबर वर्ग वर चढवून घेतला मी."

माझ्या डोक्यात तेव्हा फक्त जूनचा तो दिवस होता. "मी बाकं हलवली तेव्हा तरी बोलायचं."

"बोलले असते तर कारण सांगावं लागलं असतं."

"मला सांगायचं."

"तुम्हाला?" बाई पहिल्यांदा हसल्या. "तुम्ही सगळं नोंदवता."

शुक्रवारी, १४ डिसेंबरला, दुपारी दोन वाजता चौथीची चाचणी पुन्हा झाली. मी प्रश्न नवे काढले होते. वीस प्रश्नांना पस्तीस मिनिटं लागली. अक्षदा मदने, वीसपैकी वीस. सत्तावीस मुलांत एकटी. बाकी सातांचे गुण जवळपास तेच राहिले. गटाची सरासरी बाराच्या वर गेली. मी मोबाइल तिला दाखवला. तिने आपलं नाव बोटाने शोधलं, पुढचा आकडा वाचला आणि कार्ड दप्तरात ठेवून टॅबच्या कपाटाकडे गेली. शेवटचा तास सुरू होत होता.

शनिवारची शाळा सकाळची. अकराला मुलं गेली. सव्वाअकराला आम्ही तिघं कार्यालयात बसलो. संस्थेला द्यायचं पत्र मी टाइप करून आणलं होतं. लावंड सरांनी तक्ता दोनदा वाचला.

"शून्यावरून वीस?"

"हो सर."

"तीन दिवसांत?"

"आधीच्या वेळी कार्ड धरण्यात गडबड होत होती." हे मी आधीच ठरवून ठेवलं होतं.

"अस्सं." त्यांनी पत्र पुढे ओढलं. माणूस हट्टी नव्हता. आकडा दिसला की मानायचा. "ठीक आहे. टॅब तर टॅब. या पोरीचा एक फोटो पत्राला जोडा. टॅब हातात धरून." त्यांनी सही केली आणि पत्र बाईंकडे सरकवलं. "आणि सोमवारपासून हिचा टॅब काढा. तो परशा आहे ना, आता दोन गुणांवर घसरलेला, त्याला द्या."

"सर, तिच्याकडे राहू दे."

"का?"

"तिला उपयोग होतोय."

"विसाला वीस घेतले, आता कसला उपयोग? नियम तुमचा आहे. भिंतीवर चिकटवलाय. सोहमचा बाप मला पारावर गाठून विचारत होता, माझ्या पोरानं अभ्यास केला ही त्याची चूक का? मी सांगितलं, नियम सगळ्यांना सारखा. आता त्याला काय सांगू?"

बाई म्हणाल्या, "राहू द्या सर. सवय झालीय तिला. माझ्या वर्गातली आहे, माझ्यासाठी ठेवा."

"बाई, तुम्ही आणि टॅबची सवय," लावंड सर हसले. "काय झालंय दोघांना? काही असेल तर सांगा. नसेल तर परशाला द्या."

बाई सही करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मला कळत होतं की त्या माझ्याकडे बघत नाहीत ते मुद्दाम. मी गप्प बसलो तर सोमवारी अक्षदाच्या हातातून टॅब मलाच काढायचा होता. नियम बदलू म्हणता आलं असतं. टॅब आलटून पालटून देऊ म्हणता आलं असतं. घरी गेल्यावर असे चारपाच मार्ग मला सुचले. तिथे एकच सुचला.

"तिला ऐकायला कमी येतं, सर," मी म्हणालो. "हेडफोन लावला की येतं."

बाईंची सही अर्धी झाली होती. ती त्यांनी पूर्ण केली, पेनाला टोपण लावलं आणि पत्र माझ्याकडे सरकवलं.

लावंड सरांचा चेहरा बदलला. "किती दिवसांपासून?"

मी बाईंकडे पाहिलं.

"मला माहीत होतं," बाई म्हणाल्या.

लावंड सर बाईंना एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी कपाटातून हजेरी काढली, अक्षदाच्या नावापुढे पेन्सिलीने खूण केली. "हे कळवावं लागेल. उद्या काही झालं तर विचारतील, इतके दिवस काय करत होता. आणि पोरीचंही भलंच आहे. मशीन मिळेल. सवलती आहेत. जानेवारीत शिबिर आहे तालुक्याला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "टॅब राहू दे तिच्याकडे. आधीच सांगायचं की."

त्याच दुपारी त्यांनी सिंधू मदनेला फोन करून शिबिराची तारीख सांगितली. चांगल्या मनानेच सांगितली. काही कागद आत्ताच काढून ठेवा, असंही सांगितलं.

सोमवारी, १७ डिसेंबरला, दहा वाजून वीस मिनिटांनी सिंधू मदने शाळेत आल्या. बरोबर अक्षदा होती, गणवेश नव्हता. त्या कार्यालयात न जाता वऱ्हांड्यात बाईंसमोर उभ्या राहिल्या.

"दाखला द्या, बाई."

"सिंधू, बस जरा."

"बसत न्हाय. हिच्या आत्याच्या गावाला घालती हिला. तितं कुणाला ठावं न्हाय."

"अर्ध्या वर्षात दाखला काढू नकोस. परीक्षा होऊ दे."

"तुमी शब्द दिला हुता."

"दिला होता," बाई म्हणाल्या. तो मी मोडला, हे त्यांनी सांगितलं नाही.

मी पुढे झालो. "मी सांगितलं, वहिनी. बाईंनी नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज चढला नाही. "तुमचं काय चुकलं न्हाय, सर. विकासच्या येळंलाबी कुणाचं चुकलं न्हवतं."

लावंड सर बाहेर आले. त्यांनी समजावलं, शिबिराचा कागद दाखवला, निवासी शाळेची सक्ती नाही हेही सांगितलं, जे खरं होतं. सिंधू मदने ऐकत राहिल्या आणि ते थांबले की पुन्हा म्हणाल्या, "दाखला द्या." अकरा वाजता दाखला लिहून झाला.

मधल्या वेळात अक्षदा वर्गात जाऊन कपाटातून तिचा टॅब घेऊन आली होती. कपाटाची किल्ली कुठे असते ते तिला माहीत होतं. हेडफोनची वायर नीट गुंडाळलेली होती. तिने टॅब माझ्या हातात दिला.

"सर, बारावा धडा राह्यलाय."

मी काहीतरी बोललो असेन. काय ते आठवत नाही. तिच्या समोरून बोललो की नाही, तेही आठवत नाही.

त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत बर्गे बाईंनी चौथीची बाकं पुन्हा समोरासमोर लावून घेतली. आता तशी गरज राहिली नव्हती. मी मदतीला गेलो तर म्हणाल्या, "तुम्ही धरा तिकडून." आम्ही चौदा बाकं फिरवली. त्या वर्षी चौथीत कार्डांची चाचणी मी परत घेतली नाही. अर्धी मुलं कॅमेऱ्यात येत नव्हती.

टॅब शाळेला मिळाले. संस्थेच्या वार्षिक अहवालात मोरघळचा उल्लेख आला. शून्यावरून वीसवर गेलेली एक विद्यार्थिनी, नाव न देता. फोटो जोडायचा राहून गेला होता.

बाई मे २०२० मध्ये निवृत्त झाल्या. निरोप समारंभ झाला नाही, त्या वर्षी कुठेच झाले नाहीत. आम्ही फोनवर बोलतो. अक्षदाविषयी बोलायचं म्हणून एकमेकांना फोन करत नाही, पण दर वेळी विषय निघतो. "काही कळलं?" बाई विचारतात. एकदा मी त्यांना विचारलं, त्या शनिवारी मी गप्प राहायला हवं होतं का? बाई म्हणाल्या, "दोन वर्षं मी गप्प होते. त्यानं तरी काय झालं?"

मी २०२१ पासून तालुक्याच्या साधन केंद्रात आहे. शाळांनी कोणतं साधन घ्यावं आणि ते कसं वापरावं याचं प्रशिक्षण देणं हे माझ्या कामांपैकी एक. दुसरं काम विद्यार्थी नोंदणीच्या पोर्टलचं. अक्षदाच्या आत्याचं गाव याच तालुक्यात आहे. पोर्टलवर तिचा माग मला दिसतो. आत्याच्या गावच्या शाळेत चौथी ते आठवी. प्रत्येक वर्षी दिव्यांगत्वाच्या रकान्यात 'नाही'. मी २०२२ मध्ये एकदा त्या शाळेत भेटीला गेलो होतो. त्या दिवशी ती गैरहजर होती. वर्गशिक्षक म्हणाले, शांत मुलगी आहे, विचारलं तर उत्तर देत नाही, अभ्यासात बेताची.

जून २०२३ मध्ये तिला आठवीनंतरचा दाखला मिळाला. त्यानंतर कोणत्याही शाळेने तिचं नाव घेतलं नाही. आत्या म्हणते, आईबापाबरोबर कोल्हापूरकडे कामाला गेली. सिंधू मदनेंचा जुना नंबर लागत नाही. अशी नावं पोर्टलवर लोंबकळत राहतात आणि ती निकाली काढण्यासाठी मला वर्षातून दोनदा यादी येते. समोर कारण निवडायचं असतं: स्थलांतर, शाळा सोडली, संपर्क नाही. बाकीची नावं मी निकाली काढतो. हे एक ठेवलं आहे.

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५ रोजी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी कोल्हापूर जिल्ह्यातून तिची नोंद मागणारी एक विनंती पोर्टलवर आली. इयत्ता नववी. वय तेव्हा सोळा. विनंतीत शाळेचं नाव दिसत नव्हतं, फक्त संकेतांक होता. मी अकरा पंचेचाळीसला मंजुरी दिली. पुढचं काम त्या शाळेने सात दिवसांत करायचं असतं. ते झालं नाही, आणि ११ ऑगस्टला विनंती आपोआप रद्द झाली. संकेतांकावरून नंबर काढून मी चार वेळा फोन केला. दोनदा कुणी उचलला नाही. एकदा शिपायाने उचलला आणि मुख्याध्यापक प्रशिक्षणाला गेल्याचं सांगितलं. चौथ्यांदा कार्यालयातल्या बाईंनी रजिस्टर बघून सांगितलं की या नावाची मुलगी प्रवेशाला आली होती की फक्त चौकशीला, ते त्यांना सांगता येणार नाही.

रद्द झालेली विनंती मला अजून उघडून बघता येते. नाव, जन्मतारीख, आधीची शाळा बरोबर आहे. पालकांचा फोन नंबर रिकामा. दिव्यांगत्वाच्या रकान्यात 'होय', आणि त्यापुढे 'श्रवण'. हा फॉर्म कुणी भरला, त्याची नोंद पोर्टलवर नाही.